छंदी समूहांच्या जुन्या संकेतस्थळांचे नूतनीकरण

पक्षिनिरीक्षण, नाणेसंग्रह, विणकाम, दुर्गभ्रमंती अशा छंदांना वाहिलेली असंख्य संकेतस्थळे विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू झाली. टेबलावरच्या संगणकाचा पडदा आणि मंद गतीचे इंटरनेट डोळ्यांसमोर ठेवून त्यांची बांधणी झाली होती. आज त्याच पानांवर मोबाइलवरून येणाऱ्या वाचकाला बारीक अक्षरे, बोटाला न सापडणारी बटणे आणि एकात एक दडलेले मेनू यांच्याशी झुंजावे लागते. जुना सभासद सवयीने वाट काढतो, नवा मात्र पहिल्याच पानावरून परत फिरतो. नूतनीकरणाची गरज येथे निर्माण होते आणि खरा धोकाही येथेच असतो. अशा संकेतस्थळावरील ठेवा सभासदांनी वर्षानुवर्षे विनामोबदला लिहून जमविलेला असतो. तो विस्कटला किंवा लिहिणारेच दुरावले, तर नव्या रूपाला काही अर्थ उरत नाही.

वापरसुलभता म्हणजे काय?

आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या ९२४१-११ या मानकात वापरसुलभतेचे तीन निकष दिले आहेत. हे मानक १९९८ मध्ये आले व २०१८ मध्ये सुधारले गेले. ठरावीक वापरकर्त्याला आपले काम पूर्ण करता येते का, त्यासाठी त्याला किती वेळ व श्रम लागतात आणि काम झाल्यावर तो समाधानी असतो का, हे ते निकष होत. देखणेपणाचा त्यात स्वतंत्र उल्लेख नाही. ‘ठरावीक वापरकर्ता’ हे शब्द छंदाच्या संकेतस्थळाला विशेष लागू पडतात. तेथे पहिल्यांदा येणारा हौशी आणि दहा वर्षे रोज येणारा जाणकार असे दोन अगदी भिन्न वापरकर्ते एकाच वेळी वावरत असतात. एकाला सोपी असलेली मांडणी दुसऱ्याला अडचणीची ठरू शकते.

‘रॅव्हेलरी’चे उदाहरण

या विषयात सर्वाधिक बोलके उदाहरण ‘रॅव्हेलरी’ या अमेरिकी संकेतस्थळाचे आहे. विणकाम व क्रोशे करणाऱ्यांसाठी ते २००७ मध्ये सुरू झाले. विणकामाचा नमुना, त्यासाठी वापरलेली लोकर आणि त्यातून तयार झालेली वस्तू या तिन्हींच्या नोंदी एकमेकींना जोडलेल्या असणे, हे त्याचे वैशिष्ट्य. एखादा स्वेटर विणायला घेण्यापूर्वी तोच नमुना इतरांनी कोणत्या लोकरीत व किती जाडीच्या सुयांवर विणला आणि तो कसा दिसला, हे तेथे पाहता येते. घरात साठवलेल्या लोकरीची यादीही ठेवता येते. २०२० पर्यंत नोंदणी केलेल्यांची संख्या ९० लाखांच्या आसपास गेली होती. पानांचे रूप मात्र बव्हंशी आरंभीच्या काळातलेच राहिले होते.

जून २०२० मध्ये संकेतस्थळाने नवे रूप धारण केले. नवे बोधचिन्ह, अधिक उजळ रंग आणि ठळक काळ्या रेषांनी आखलेल्या चित्रखुणा असा हा बदल होता. काहींनी त्याचे स्वागत केले. त्याच वेळी डोळ्यांवर ताण येणे, डोकेदुखी, मळमळ आणि अर्धशिशी अशा तक्रारी मोठ्या संख्येने येऊ लागल्या. नवी पाने पाहिल्यावर अपस्माराचा झटका आल्याचेही काही सभासदांनी कळविले. अमेरिकेतील ‘एपिलेप्सी फाउंडेशन’ने प्रकाशसंवेदी अपस्मार असलेल्यांना या संकेतस्थळाबाबत सावध केले.

संचालकांना जुन्या रूपात परत जाण्याची सोय काही काळ द्यावी लागली. पुढे मूळच्या नव्या रूपाबरोबर सौम्य रंगांचा दुसरा पर्यायही आला. त्यांना ‘मेरिनो’ व ‘हर्डविक’ अशी मेंढ्यांच्या जातींची नावे देण्यात आली. लोकर विणणाऱ्यांना ती नावे परिचित होती, तरीही सगळ्यांचा राग त्याने शमला नाही. आपल्या तक्रारी गांभीर्याने घेतल्या गेल्या नाहीत, अशी अनेकांची भावना होती. रंगांइतकाच प्रतिसादाचा सूरही वादाचा विषय झाला.

नियम पाळूनही त्रास का?

संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठी ‘वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम’ ही संस्था मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध करते. डिसेंबर २००८ मधील दुसऱ्या आवृत्तीनुसार सामान्य आकाराचे अक्षर व त्यामागची पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे आणि पानावर एका सेकंदात तीनपेक्षा अधिक वेळा लखलखाट होऊ नये. अंधूक दिसणाऱ्यांना पहिल्या नियमाचा मोठा आधार वाटतो. मात्र या गुणोत्तराला किमान मर्यादा आहे, कमाल नाही. अर्धशिशीचा त्रास असणाऱ्याला शुभ्र पार्श्वभूमीवरील गडद काळ्या रेषा सहन होत नाहीत, असे घडू शकते. प्रकाशसंवेदी अपस्मारात लखलखाटाप्रमाणेच तीव्र काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची रचनाही झटक्याला कारणीभूत ठरू शकते. एकाला उपयुक्त असलेली गोष्ट दुसऱ्याला बाधक ठरते ती अशी. म्हणूनच रंग व अक्षरांचा आकार निवडण्याची मुभा वापरकर्त्यालाच देणे हा अधिक सुरक्षित मार्ग मानला जातो.

रूप बदलले आणि समूह हरपला

‘रॅव्हेलरी’चा नोंदींचा ठेवा शाबूत राहिला. ‘डिग’ची कथा निराळी आहे. वाचकांनी बातम्या सुचवायच्या व मतांनी त्यांचा क्रम ठरवायचा, अशा पद्धतीचे हे संकेतस्थळ २००४ मध्ये सुरू झाले. ते एखाद्या छंदाला वाहिलेले नसले, तरी सभासदांच्या हौसेवरच चालत होते. ऑगस्ट २०१० मध्ये त्याची चौथी आवृत्ती आली. नको असलेली बातमी खाली ढकलण्याची सभासदांची सोय तीत काढून टाकण्यात आली आणि प्रकाशन संस्थांना आपल्या बातम्या आपोआप आत सोडण्याची मुभा मिळाली. संतप्त सभासदांनी प्रतिस्पर्धी ‘रेडिट’चे दुवे पहिल्या पानावर चढविले आणि अनेक जण तिकडेच निघून गेले. जुलै २०१२ मध्ये ‘डिग’ची विक्री झाली, ती सुमारे ५ लाख डॉलरना झाल्याचे वृत्त होते. येथे नव्या मांडणीपेक्षा सभासदांचे अधिकार काढून घेणे अधिक महागात पडले.

नूतनीकरणाचा क्रम

रंग व बोधचिन्हापासून आरंभ न करता निरीक्षणापासून करावा, असा या क्षेत्रातील सर्वमान्य संकेत आहे. एखादे नेमके काम नेमून द्यावे आणि वापरकर्ता ते कसे करतो, हे न बोलता पाहावे. डेन्मार्कमध्ये जन्मलेले वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० मध्ये असे मांडले की, पाच जणांची पाहणी केली तरी बहुतेक अडचणी उघड होतात. सर्व खर्च एकाच मोठ्या चाचणीवर करण्यापेक्षा दुरुस्ती करून पुन्हा छोटी चाचणी घेणे श्रेयस्कर. छंदाच्या संकेतस्थळासाठी नवखे व जुने यांची पाहणी स्वतंत्रपणे करावी. वृद्ध सभासदांना आणि पडद्यावरचा मजकूर वाचून दाखविणारी प्रणाली वापरणाऱ्या अंधांना त्यात स्थान हवेच.

दुसरी पायरी वर्गीकरणाची. विषयांची नावे चिठ्ठ्यांवर लिहून सभासदांना त्यांचे गट पाडायला सांगितले, की त्यांच्या मनातली रचना समोर येते. संचालकांच्या कारभाराची विभागणी आणि वाचकाची शोधण्याची रीत सहसा एक नसते. किल्ल्यांची माहिती देणाऱ्या स्थळावर वाचक जिल्हा, चढाईची श्रेणी किंवा लागणारा वेळ यांवरून शोधतो. तेथे ‘लेख’, ‘संकीर्ण’ असे विभाग त्याच्या उपयोगाचे नसतात.

तिसरी पायरी जुन्या पत्त्यांची. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच पानांचे पत्ते बदलू नयेत, असा आग्रह धरला होता. बदल अटळ असेल, तर जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नव्या पानावर नेणारी कायमची वळणवाट ठेवावी लागते. ती नसली, की इतरत्र दिलेले दुवे तुटतात आणि शोधयंत्रांतून येणारा वाचक रिकाम्या पानावर पोहोचतो.

छायाचित्रांची स्थिती अधिक नाजूक असते. अनेक छंदी समूहांनी जागा वाचविण्यासाठी चित्रे ‘फोटोबकेट’सारख्या बाहेरच्या सेवेत ठेवली होती. २०१७ मध्ये त्या सेवेने इतर संकेतस्थळांवर चित्रे दाखविण्यासाठी वर्षाला सुमारे ४०० डॉलरची आकारणी जाहीर केली. त्यामुळे वाहनदुरुस्तीपासून प्रतिकृती बनविण्यापर्यंत अनेक छंदांच्या लेखांतील चित्रे एकाएकी दिसेनाशी झाली. कृती समजावणारे चित्रच गेले, तर उरलेला मजकूर निरुपयोगी ठरतो. नूतनीकरणापूर्वी अशी सर्व चित्रे आपल्या संगणकावर उतरवून घ्यावीत. ‘अडोबी’ कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी ‘फ्लॅश’चे साह्य थांबविले. त्या तंत्रावर बेतलेली दालने व नकाशेही नव्याने घडवावे लागतात.

मराठी संकेतस्थळांची निराळी अडचण

आरंभीच्या अनेक मराठी संकेतस्थळांना आणखी एका प्रश्नाला तोंड द्यावे लागले. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्थान असले, तरी ते संगणकांवर रुळायला बराच काळ लागला. तोवर प्रत्येक स्थळ आपला स्वतंत्र फाँट वापरत असे. पडद्यावर ‘राजगड’ दिसत असला, तरी संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची व चिन्हांची अर्थहीन माळ असे. असा मजकूर शोधयंत्राला सापडत नाही आणि मोबाइलवर वाचता येत नाही. तो युनिकोडमध्ये आणण्यासाठी रूपांतरक प्रणाली उपलब्ध आहेत, परंतु जोडाक्षरे, रफार व ऱ्हस्व वेलांटी येथे चुका राहतात. मुद्रितशोधनासाठी स्वतंत्र वेळ व माणसे राखून ठेवणे आवश्यक असते.

यशाची कसोटी

संपूर्ण बदल एका रात्रीत अमलात आणण्याऐवजी नवे व जुने रूप काही काळ शेजारी ठेवावे. त्या अवधीत आलेल्या तक्रारींची नोंद घ्यावी आणि त्यांचे काय झाले, हे सर्वांना कळवावे. आरोग्याशी संबंधित तक्रार एकट्या माणसाची असली, तरी तिला अग्रक्रम द्यावा. काही महिन्यांनंतर तीन गोष्टी तपासाव्यात : नवा सभासद पहिल्या भेटीत हवी ती माहिती शोधू शकतो का, दहा वर्षांपूर्वीचा लेख त्याच्या चित्रांसह उघडतो का आणि जुने जाणकार पूर्वीप्रमाणे लिहीत आहेत का? तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील, तर नूतनीकरण यशस्वी मानावे. यांपैकी तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. तांत्रिक बिघाड नंतरही दुरुस्त करता येतो, पण निघून गेलेला जाणकार क्वचितच परत येतो.