साबर बोंडं येईपर्यंत

साबर म्हणजे निवडुंग, आणि बोंडं म्हणजे त्याला येणारी लाल फळं. शहरातल्या मंडळींसाठी सांगतो, ही फळं दिसतात झकास, पण त्यांच्यावर डोळ्यांना न दिसणारी बारीक कुसं असतात. मातीत घोळून किंवा फडक्यानं नीट पुसून ती काढल्याशिवाय फळ तोंडात घातलंत तर दोन दिवस जिभेला हात लावत बसाल. नीट खाल्लीत तर मात्र जीभ लालभडक आणि वर गोडवा.

२०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या संडान्स महोत्सवात याच नावाचा मराठी पिक्चर दाखवला गेला आणि परदेशी कथापटांच्या स्पर्धेत त्याला परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. दिग्दर्शक रोहन परशुराम कानवडे. गोष्ट साधी आहे. मुंबईत कॉल सेंटरमध्ये काम करणारा आनंद वडील वारले म्हणून दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. तिथे त्याला लहानपणीचा दोस्त बाळ्या भेटतो, जो शेती करतो. दोघांची लग्नं व्हायची आहेत, नातेवाईक मागे लागलेत, आणि या दोघांचा जीव एकमेकांत अडकतो. बस.

भारतातल्या थिएटरात यायला त्याला १९ सप्टेंबर उजाडला. मधले साडेसात महिने मी त्याची जेवढी वाट बघितली तेवढी ‘बाहुबली’च्या दुसऱ्या भागाचीही बघितली नव्हती. आणि हे नांदेडचा पोरगा सांगतोय! आमच्या देगलूर-बिलोली-धर्माबादकडे निम्मी माणसं तेलुगू बोलतात, कट्टप्पाचा प्रश्न आमच्याकडे घरगुती प्रश्न होता. योगायोग बघा, हा मराठी पिक्चर आपल्याकडे वितरित केला तोही राणा दग्गुबातीच्या कंपनीनं. म्हणजे भल्लालदेवानं. नांदेडकर म्हणून मला याचा उगाच अभिमान वाटला.

एवढी वाट का बघितली ते सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला सोपं. मी गे आहे. ऑफिसात चार-पाच जणांना माहीत आहे, पुण्यातल्या मित्रांना माहीत आहे. घरी माहीत नाही. आणि घरी सांगायचं म्हटलं की पहिली अडचण शब्दाची येते. समलिंगी हा पेपरातला शब्द. आमच्या घरात तो कोणी आजवर उच्चारलेला नाही. दुसरा शब्द म्हणजे बायल्या, जो आमच्या गल्लीत रोज ऐकू येतो. या दोन शब्दांच्या मधे, आईशी बोलताना वापरता येईल असं मराठीत काय आहे? मला सापडलेलं नाही. म्हणून मी पिक्चरची वाट बघत होतो. माणसाला शब्द सापडत नसेल तर निदान बोट दाखवायला काहीतरी हवं ना.

आता गंमत अशी की साडी नेसलेला पुरुष मराठी माणसाला अजिबात नवा नाही. बालगंधर्वांच्या शालूची नक्कल घराघरांतल्या बायका करायच्या. तमाशात गवळणीतली मावशी पुरुषच असतो. आमच्या नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची मोठी यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, कुस्त्या आणि तमाशाचे फड. लहानपणी तिथे काकांबरोबर गेलो की मावशी स्टेजवर आली रे आली, सगळा तंबू हसायचा. मीही हसायचो. पुढे ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) टीव्हीवर लागला की घरातले सगळे दरवेळी पहिल्यांदा बघितल्यासारखे हसायचे. साडीतला पुरुष चालतो, कारण तो साडी काढून पुन्हा पुरुष होणार आहे हे प्रत्येकाला पक्कं ठाऊक असतं. सोंग आहे तोवर सगळं माफ.

हा करार मोडला की काय होतं त्याचं उदाहरण म्हणजे गणपत पाटील. कोल्हापूरचे हे नट, तमाशापटांतले नाच्या. त्यांच्याइतका त्या भूमिकेत दुसरा कोणी शोभला नाही. प्रत्यक्षात बायको-मुलंबाळं असलेला साधा संसारी माणूस. पण लोकांनी पडद्यावरचा शिक्का खऱ्या आयुष्यावर मारला आणि त्याचा त्रास त्यांच्याबरोबर घरच्यांनाही सोसावा लागला. २००८ साली ते गेले. मला त्यांच्याबद्दल वाचताना नेहमी वाटतं, जो माणूस तसा नव्हता त्याचं आपण एवढं केलं, तर जो असेल त्यानं तोंड उघडावं तरी कसं?

१ जानेवारी २०१० ला ‘नटरंग’ आला. आनंद यादवांच्या कादंबरीवरचा, रवी जाधवांचा पहिला सिनेमा. पैलवान गड्याचा नाच्या होतो आणि गाव त्याची काय दशा करतं, हे त्यात आहे. अतुल कुलकर्णीचं काम अफाट. त्या वर्षी आमच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये वर्गातला एक पोरगा लावणीवर नाचला. काय नाचला! शिट्ट्या, वन्स मोअर, मुख्याध्यापकांकडून शंभर रुपये बक्षीस. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याला पोरांनी घेरलं. ‘नटरंग’ बघून रडलेली पोरंच होती ती. गुणा कागलकर सोंग करत होता म्हणून त्याच्यासाठी रडता आलं. हा पोरगा सोंग करत नसावा असा संशय आला आणि संपलं. तो मी नव्हतो. मी घेरणाऱ्यांच्या मागे, जरा लांब, डबा खात उभा होतो.

रवी जाधवांचा प्रवास मात्र बघण्यासारखा आहे. ‘नटरंग’, मग २०११ चा ‘बालगंधर्व’, आणि मग तेंडुलकरांच्या कथेवरचा ‘मित्रा’ हा लघुपट, ज्याला ६२ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट लघु कथापटाचा मान मिळाला. त्यात १९४७ च्या काळातली एक मुलगी दुसऱ्या मुलीवर प्रेम करते. एकाच दिग्दर्शकानं पाच वर्षांत सोंगापासून खऱ्या माणसापर्यंतचं अंतर कापलं. पण शेवटचा टप्पा लघुपटात, आणि तोही बाईचा.

हेही एक कोडंच. मराठीत हा विषय आधी बायकांच्या बाजूनं आला. १९८१ मध्ये तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ रंगभूमीवर आलं. विनय आपटे यांचं दिग्दर्शन, रोहिणी हट्टंगडींची मित्रा. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी! लगेच १९८२ मध्ये जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’त महिलाश्रमातल्या दोन बायकांचा प्रसंग आला. मग १९९८ मध्ये दीपा मेहतांचा ‘फायर’ सेन्सॉरनं एकही कट न सुचवता सोडला, तर डिसेंबरात मुंबईत शिवसैनिकांनी थिएटर फोडलं. तो पुन्हा सेन्सॉरकडे गेला आणि पुन्हा विनाकट पास झाला. मी तेव्हा दीड वर्षाचा असेन. पण पुढे कुठल्याही मराठी निर्मात्याला हा विषय हातात घेताना ते फुटलेलं तावदान आठवलं नसेल असं होणार नाही.

पुरुषांची गोष्ट आली ती २००६ मध्ये, अमोल पालेकरांच्या ‘थांग’मध्ये. पण दार उघडतं ते बायकोच्या बाजूनं. नवरा गे आहे हे तिला कळतं, आता तिनं काय करायचं? पिक्चर प्रामाणिक आहे, मृणाल कुलकर्णीचं काम मला आवडतं. तरी प्रेम हा त्याचा विषय नाही, उलगडा हा आहे. त्याच वर्षी सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ कादंबरी आली. पुण्यातलं घर, एक पेइंग गेस्ट आणि त्याच्या प्रेमात पडलेले सख्खे बहीण-भाऊ. मी ती इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला एका रात्रीत वाचली आणि दुसऱ्या दिवशीचं सबमिशन बुडवलं. तिचा पिक्चर यायला २०२२ उजाडलं. लेखकानंच दिग्दर्शित केला. आणि भाषा? हिंदी. गाव? कोची. मला समुद्राबद्दल राग नाही हो, पण ते घर पुण्यातलं होतं.

याहून जास्त लागलं ते ‘अलिगढ’ (२०१६) बघताना. प्रा. रामचंद्र सिरस हे नागपूरचे, अलिगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक आणि स्वतः कवी. फेब्रुवारी २०१० मध्ये लोक त्यांच्या घरात कॅमेरा घेऊन घुसले, विद्यापीठानं त्यांनाच निलंबित केलं. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयानं निलंबनाला स्थगिती दिली आणि ७ एप्रिलला ते घरात मृतावस्थेत सापडले. म्हणजे इकडे आपण ‘नटरंग’ला गर्दी करत होतो त्याच महिन्यांत हे घडत होतं. मराठी शिकवणारा, मराठीत कविता लिहिणारा माणूस! त्याच्यावर पिक्चर काढला हंसल मेहतांनी, हिंदीत. चांगला काढला, मनोज वाजपेयी तर बघतच राहावा असा. पण मराठी सिनेमाला हा माणूस आपला वाटला नाही, हे मला अजून खटकतं.

बाजारपेठेचं कारण लोक लगेच देतात. ते मला अर्धंच पटतं. ‘सैराट’नं (२०१६) दाखवून दिलं की गावाकडच्या बोलीतलं, घरच्यांना नको असलेलं प्रेम मराठी माणूस डोक्यावर घेतो. उरलेलं अर्धं कारण पुन्हा शब्दाचंच आहे असं मला वाटतं. अकरावीला मी लातूरला होतो. लातूर पॅटर्न, दहा बाय दहाच्या खोलीत तिघं, सकाळी सहाला क्लास. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं ३७७ कलम पुन्हा जिवंत केलं. दुसऱ्या दिवशी मेसमध्ये एकानं पेपरातली बातमी मोठ्यानं वाचली आणि सगळे हसले. मेसवाल्या मावशी पोळ्या वाढत होत्या. “काय झालं रे एवढं हसायला?” म्हणाल्या. कोणालाच सांगता येईना. वीस पोरं, सगळी नव्वद टक्केवाली, आणि एकाकडेही मावशीला सांगण्याजोगा शब्द नाही. शेवटी एकजण म्हणाला, “काही नाही मावशी, कोर्टाचं आहे.” ६ सप्टेंबर २०१८ ला तेच कलम प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं रद्द झालं. तेव्हा मी इंजिनिअरिंग करत होतो. घरी त्या दिवशीही काही बोलणं झालं नाही. कोर्टाचंच होतं.

त्यानंतर हिंदीत ‘शुभ मंगल ज्यादा सावधान’ (२०२०), ‘बधाई दो’ (२०२२) असे छोट्या शहरातल्या कुटुंबांचे पिक्चर आले. मजा आली. पण त्यांना घरात शिरायला विनोदाचं तिकीट लागतं. कानवड्यांनी ते काढलं नाही. त्यांचा आधीचा लघुपट ‘उ उषाचा’ (२०१९) असाच होता. शेतमजुरी करणारी, लिहिता-वाचता न येणारी उषा, आणि शाळेतल्या बाईंबद्दल तिला वाटणारी ओढ. तो बघितल्यापासून हा माणूस पूर्ण लांबीचा पिक्चर कधी काढतो याकडे माझं लक्ष होतं.

आणि त्यांनी निवडलं काय, तर सुतक! दिग्दर्शकाच्या स्वतःच्या वडिलांच्या सुतकातून ही गोष्ट सुचली. ज्यांनी गावाकडचं सुतक काढलंय त्यांना कळेल की याहून अचूक जागा नाही. दहा दिवस दाढी नाही, भाजीला फोडणी नाही, देवपूजा नाही, बाहेर जायचं नाही. काम नसल्यामुळे सगळे पाहुणे फक्त बोलतात. आणि घरात बिनलग्नाचा पोरगा असला की कशावर बोलतात ते तुम्हाला माहीत आहे. माझे आजोबा गेले तेव्हा तिसऱ्या दिवशीच मला एक स्थळ सांगून झालं होतं, मुलगी उदगीरची.

२० सप्टेंबरला, शनिवारी, पुण्यात बघितला. तीस-चाळीस माणसं असतील. पार्श्वसंगीत नाही, कॅमेरा हलत नाही, त्यामुळे कोणी पॉपकॉर्न चावलं तरी ऐकू येत होतं. कोणी हसलं नाही. माझ्या पुढच्या रांगेत साठीचं एक जोडपं होतं, ते शेवटपर्यंत बसलं.

रविवारी आईचा फोन आला. मराठवाड्यात त्या महिन्यात पावसानं हाहाकार केला होता, तिचं निम्मं बोलणं पाण्याचंच.

“काल काय केलास?”

“पिक्चरला गेलतो. मराठी आहे. एका पोराचे वडील वारतात, तो मुंबईहून दहा दिवस गावाकडं येतो.”

“कोण्या गावचं दाखवायलेत?”

“आपल्याकडचं नाही गं.”

“आपल्याकडं कोण काढायलंय पिक्चर. लग्न झालंय का पोराचं?”

“नाही. त्याला पोरीशी लग्न करायचं नाही. गावात त्याचा एक मित्र आहे, त्याच्यावर त्याचा जीव आहे.”

बराच वेळ नुसता पावसाचा आवाज. मला वाटलं रेंज गेली.

“त्याच्या मायला माहीत हाय का?”

“हो. तिला माहीत आहे.”

“हं,” ती म्हणाली. मग म्हणाली, दिवाळीला यायलास तवा मोबाइलवर दाखव, इथं कुठं लागतोय तो. आणि मग खालच्या वावरातल्या सोयाबीनचं सांगायला लागली, चार दिवस झाले पाणी हटेना, शेंगांना कोंब फुटायलेत.