भांड्याचे शहाणपण

लढायांचा आणि तहांचा इतिहास ऐकण्याची आपणांस सवय आहे. आज मी एका क्षुल्लक वस्तूचा इतिहास सांगणार आहे. ती वस्तू आपण प्रत्येकाने पाहिली आहे. दंडातून काढलेले रक्त ज्या बोटभर नळीत घेतात, ती ही नळी. एवढ्याशा भांड्याला कसला आला आहे इतिहास, असे कोणी म्हणेल. पण या भांड्याच्या तोंडापाशी आणि बुचापाशी माणसे मेली आहेत, आणि एका थोर शास्त्रज्ञाचे नावही तेथेच बुडता बुडता राहिले आहे.

ही हकीकत आपल्या मुंबईशीच जडलेली आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील तुटपुंज्या जागेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली. तेथून बाटल्या भरभरून लस देशभर रवाना होऊ लागली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी पाच बाटल्यांतून १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी ५३-एन या एकाच बाटलीतून ज्यांना लस मिळाली, ते एकोणीसच्या एकोणीस जण धनुर्वाताने दगावले. बाकीच्या चार बाटल्यांतील लस घेतलेल्यांना काही झाले नाही. चौकशी समितीने ठपका परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन यांचे पद गेले. पण त्याच चौकशीत एक बारीकशी गोष्ट नोंदली गेली होती. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करताच त्याने बूच काढले होते. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. शिवाय ते बाटलीत कित्येक दिवस वाढत असते, तर लशीला दुर्गंधी आली असती. उघडणाऱ्या डॉक्टरांना तशी दुर्गंधी आली नव्हती. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये जाहीरपणे हाफकिन यांची बाजू घेतली आणि पुढे ते पुन्हा हिंदुस्थानात कामावर आले. १९२५ मध्ये परळच्या संस्थेस त्यांचे नाव मिळाले.

पाच वर्षे सारे जण एकच प्रश्न विचारीत होते : दोष कोणाचा? मला दुसरा प्रश्न विचारावासा वाटतो. एका गावाचे प्राण एका चिमट्यावर अवलंबून राहावेत, असे ते भांडे होते तरी कसे? बूच ओढून काढल्याखेरीज ज्यातले औषध मिळत नाही, ते भांडे दरवेळी उघडणाऱ्याच्या सावधपणावर विसंबून असते. आणि थकलेल्या माणसाचा सावधपणा ही फार डळमळीत वस्तू आहे.

आता प्रयोगशाळेच्या आत डोकावू. द्रव मोजून घेण्याची काचेची नळी म्हणजे पिपेट. ती तोंडात धरायची, द्रव वर ओढायचा आणि खुणेपाशी थांबवायचा, अशी रीत कित्येक दशके चालू होती. ओढ जराशी जास्त झाली की द्रव तोंडात. विषमज्वराच्या जंतूंचे पाणी असे तोंडात गेल्याची नोंद १८९३ इतकी जुनी आहे. १९१५ मध्ये युरोपातील प्रयोगशाळांची पाहणी झाली, तेव्हा तेथे जडलेल्या रोगांपैकी बराच मोठा वाटा या तोंडाच्या ओढीचाच निघाला. तरीही रीत चालूच राहिली. ज्याच्या हाताला ती बसली होती, त्याला ती धोक्याची वाटतच नव्हती.

या रीतीला धक्का बसला तो १९५० नंतरच्या दशकात. हंगेरीत ग्युला ताकाची यांना इन्फ्लुएंझाच्या शेकडो चाचण्या करायच्या होत्या आणि साहित्याची तर टंचाई. त्यांनी प्लास्टिकच्या पट्टीत बारा-बारा खळग्यांच्या सहा रांगा कोरून घेतल्या. एकेका नळीच्या जागी एकेक खळगा आला. जर्मनीत मारबुर्ग येथे हाइनरिख श्निटगर या तरुण डॉक्टराला तोंडाने पिपेट ओढण्याचा कंटाळा आला. त्याने १९५७ मध्ये स्प्रिंगवर चालणारा दट्ट्या आणि वापरून टाकून देता येईल असे प्लास्टिकचे टोक बनविले. मध्ये हवेची गादी राहते, म्हणून द्रव दट्ट्याला शिवतच नाही. त्याच वर्षी अमेरिकेत क्लीव्हलंडच्या लिओनार्ड स्केग्ज यांचे रक्त तपासणारे यंत्र बाजारात आले. फिरत्या थाळीवर वाट्या मांडायच्या. यंत्र एकेका वाटीतील द्रव बारीक नळीतून पुढे नेते आणि दोन नमुन्यांच्या मध्ये हवेचे बुडबुडे सोडते, म्हणजे एकाचे रक्त दुसऱ्यात मिसळत नाही.

यंत्र आले आणि खरी कसोटी भांड्याची सुरू झाली. माणूस तिरपी नळी पाहून हात तिरपा करतो. फेस दिसला तर थांबतो. यंत्राला ही जाण नसते. खळगा जेथे असावयास हवा, तेथे तो नसेल तर यंत्र बिनदिक्कत द्रव बाहेर सांडते, किंवा त्याहून वाईट म्हणजे एका रोग्याचा द्रव दुसऱ्याच्या खळग्यात टाकते. पुढे शहाण्णव खळग्यांच्या पट्ट्या सर्वत्र झाल्या. पण प्रत्येक कारखान्याचे माप थोडे निराळे. अखेर २००४ मध्ये अमेरिकेत माप ठरले : पट्टी १२७.७६ मिलिमीटर लांब, ८५.४८ मिलिमीटर रुंद आणि एका खळग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत ९ मिलिमीटर. पट्टी उलटी ठेवली तर कळावे म्हणून तिचा कोपरा छाटतात. शेजाऱ्याच्या खळग्यात ओघळ जाऊ नये म्हणून काठाला कड असते. अगदी शेवटचा थेंबही यंत्राला मिळावा म्हणून नळीचा तळ निमुळता करतात.

आणि बूच? मुल्कोवालचे ते बूच येथेही पाठ सोडीत नाही. रक्त आपोआप ओढून घेणारी निर्वात नळी १९४९ च्या सुमारास आली. तिचे रबरी बूच ओढून काढताना रक्ताचे सूक्ष्म तुषार उडत. म्हणून रबरावर प्लास्टिकची टोपी बसविण्यात आली. तुषार टोपीच्या आतच राहतात. त्याही पुढची पायरी म्हणजे यंत्राची सुई बुचातूनच आत शिरते आणि नळी उघडावीच लागत नाही. हात फुटक्या काचेने कापू नयेत म्हणून काचेऐवजी प्लास्टिक आले. कोणाचा नमुना हे यंत्राला कळावे म्हणून नळीवर रेघांची पट्टी आली.

२७ जुलै २०२० रोजी, करोनाच्या साथीत, नॉएडा, मुंबई आणि कोलकाता येथे दिवसाला दहा हजारांहून अधिक नमुने तपासू शकणाऱ्या यांत्रिक प्रयोगशाळा सुरू झाल्या. मुंबईची प्रयोगशाळा परळलाच होती. जेथून १९०२ मध्ये ५३-एन ही बाटली निघाली, त्याच परळात हजारो नळ्या येऊ लागल्या. आता विचार करा : घशातील नमुन्याची काडी लांब राहून नळीतच अडकली, किंवा झाकण सैल बसले, तर यंत्र अडते, मग माणसाला हात घालावा लागतो, आणि हात घातला की जुना धोका परत आला.

शहाणपण जर केवळ माणसाच्या अंगी असेल, तर ते त्याच्या थकव्याबरोबर ढळते. तेच भांड्याच्या घडणीत उतरले, तर रात्रपाळीच्या सहाय्यकालाही ते सांभाळून घेते. मुल्कोवालच्या त्या मदतनिसाला कोणी शहाणे भांडे दिले नव्हते. पुढच्या वेळी आपले रक्त एखाद्या बुटक्या, टोपीवाल्या नळीत भरले जाईल, तेव्हा तिच्याकडे क्षणभर पाहा. त्या टोपीच्या, त्या तळाच्या आणि त्या मापाच्या पाठीमागे कोणाची ना कोणाची तरी चूक आहे, आणि ती चूक दुसऱ्या कोणाच्या हातून पुन्हा घडू नये यासाठी कोणी तरी केलेली खटपट आहे.