अठरा पूर्ण झाली, आता कुठं जायचं?

बारावीचा निकाल लागला की आपल्या जालन्यात पेढे वाटले जातात. बालगृहातल्या पोराला मात्र अठरा भरली की गाशा गुंडाळायची चिंता. परवा असाच एक जण भेटला. कॉलेजात ॲडमिशन झालंय, खोली मिळेना. घरमालक म्हणतो, "वडिलांचा नंबर दे."

जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. पुढं काशीबाई या विधवेचं मूल दत्तक घेतलं, यशवंत. नुसतं जगवलं नाही, डॉक्टर केलं! १८९७ च्या प्लेगात हाच यशवंत सावित्रीबाईंसोबत रुग्णसेवेत होता.

सरकारला जाग यायला २०१८ उजाडलं. अनाथाश्रमात वाढलेली अमृता करवंदे एमपीएससीत नॉन-क्रिमीलेअरच्या दाखल्यावाचून मागं पडली. दाखला काढणार कुणाच्या नावावर? ती मुख्यमंत्र्यांपर्यंत गेली, आणि २ एप्रिलच्या जीआरनं अनाथांना शिक्षण-नोकरीत १ टक्का समांतर आरक्षण मिळालं.

जागा मिळाली, छप्पर राहिलं. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात अनुरक्षणाची सोय एकविसाव्या वर्षापर्यंतच. इंजिनिअरिंग संपतं बाविसाव्या वर्षी. मधलं वर्ष पोरानं कुठं काढायचं?

त्या पोराला खोली अजून हवीय. कुणाकडं असेल तर इनबॉक्स करा. वडिलांचा नंबर मागू नका, माझा घ्या.