चौथा रकाना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



२०२० आणि २०२१ या दोन वर्षांत आपल्या सगळ्यांनाच एक सवय जडली होती. सकाळी वर्तमानपत्र हातात आले की आधी तो तक्ता पाहायचा. वर बाधितांची एकूण संख्या आणि तिच्याखाली तीन रकाने : उपचाराधीन, बरे झालेले, मृत. एप्रिल २०२१ मध्ये मीही त्या तक्त्यात होते. आधी पहिल्या रकान्यात आणि सतरा दिवसांनी दुसऱ्या. तिसरा चुकला म्हणून घरातल्यांनी अल्लाचे आभार मानले, शेजारच्या वहिनींनी देवापुढे साखर ठेवली. सरकारदरबारी मी बरी झाले होते. फक्त त्या दिवशी घराचा जिना चढताना पाचव्या पायरीवर जी बसले, ती अर्धा तास उठू शकले नाही.

पुढे कित्येक महिने तो जिना तसाच राहिला. सकाळी अंघोळ केली की दिवसभराचे काम केल्यासारखे अंग गळून जाई. मी कविता लिहिते. शब्द हेच माझे भांडवल. एकदा पिठाच्या डब्याजवळ उभी होते आणि ‘चाळणी’ हा शब्द काही केल्या आठवेना. शेवटी सुनेला म्हणाले, ‘‘अगं, ते भोकांचं दे.’’ ती हसली, मीही हसले. पण रात्री झोप लागली नाही. तपासण्या झाल्या. सगळे अहवाल ठीक आले. मग जो तो म्हणू लागला, ‘‘रिपोर्ट तर नॉर्मल आहेत. आता मनातून काढून टाका.’’

तेव्हा माझ्या मनात आले, त्या तक्त्यात चौथा रकाना असायला हवा होता. मेले नाहीत, पण बरेही झाले नाहीत, अशांचा. आणि मग वाटले, अशी माणसे काय या एकाच साथीत निपजली? आधीच्या साथींतही ती असणारच. त्यांचे काय झाले? आज त्याचाच थोडा इतिहास सांगणार आहे. सुरुवात माझ्याच घरापासून करते.

मी मूळची बार्शीची. १९७३ साली, मी सहा वर्षांची असताना, आमच्या गावात तापाची मोठी साथ आली. ताप चार-पाच दिवसांचा, पण जाताना सांधे धरून ठेवणारा. धडधाकट माणसे भिंतीला धरून चालत. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने या साथीचा अभ्यास केला. ती चिकुनगुनियाची होती. गावातल्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक लोकांना तिने गाठले होते. हा रोग १९५२-५३ मध्ये पूर्व आफ्रिकेत, आजच्या टांझानियात ओळखला गेला. तिथल्या माकोंडे भाषेत त्या नावाचा अर्थच ‘वाकवून टाकणारा’ असा आहे. बार्शीनंतर तो आपल्या देशातून जणू नाहीसा झाला आणि तीसेक वर्षांनी परतला. २००६ साली देशात १३ लाखांहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत तेव्हा सकाळी मुठी वळत नव्हत्या, हे पुष्कळांना आठवत असेल.

या तापाने माणसे फारशी दगावत नाहीत. त्यामुळे त्याचा इतिहासही फारसा कुणी सांगत नाही. पण आमच्या घरात तो तीन पावसाळे राहिला. माझ्या अम्माचा ताप आठवड्यात उतरला. मनगटे मात्र सुजलेलीच. भाकरी थापायला बसली की दुसऱ्या भाकरीला तिचा हात थांबे. घर मोठे, माणसे चौदा. चुलीपुढे बसलेली दादी म्हणायची, ‘‘काम निकल्या की इसके हातां दुखते.’’ चाची तोंडाला पदर लावून हसायची. आम्ही मुले अम्माची नक्कल करायचो. दोन्ही मनगटे धरून ‘हाय हाय’ करत अंगणात फिरायचे, असा आमचा खेळच होता. अम्मा बघायची आणि काही बोलायची नाही.

अशी अंथरुणाला खिळलेली, पण लोकांच्या लेखी बरी झालेली एक बाई इतिहासात फार प्रसिद्ध आहे. शाळेच्या पुस्तकात आपण तिला हातात दिवा घेतलेली पाहिले आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल. क्रिमियाच्या युद्धात जखमी सैनिकांच्या शुश्रूषेसाठी त्या १८५४ च्या नोव्हेंबरात तुर्कस्तानातल्या स्कुटारी इथे पोहोचल्या. धड्यातले चित्र तिथले. पण धडा जिथे संपतो तिथून पुढची पन्नासहून अधिक वर्षे आपल्याला कुणी सांगितलेली नसतात. मे १८५५ मध्ये बालाक्लाव्हा इथे त्यांना ‘क्रिमियन ताप’ आला. त्या मरता मरता वाचल्या. १८५६ साली मायदेशी परतल्या आणि पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १८५७ मध्ये, पार कोसळल्या. तेव्हा त्या ३७ वर्षांच्या होत्या. छातीची धडधड, कमालीचा थकवा, अन्नावरची वासना उडालेली, पुढे पाठीच्या कण्यात असह्य वेदना. त्यानंतरची कितीतरी वर्षे त्यांनी बव्हंशी एका खोलीत काढली. १९१० साली, नव्वदाव्या वर्षी त्या वारल्या.

त्यांच्या आजाराबद्दल लोक काय म्हणाले? काही म्हणाले ढोंग, काही म्हणाले मनाचा खेळ. अगदी १९७४ साली एका नामवंत इंग्रज डॉक्टरने पुस्तक लिहून हा मानसिक विकार ठरवला. १९९५ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात वेगळे मत आले. बाईंची सगळी लक्षणे दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या ब्रुसेलोसिसशी जुळतात, असे त्या लेखात दाखवले होते. हा जिवाणूंमुळे होणारा आजार. न तापवलेल्या दुधातून माणसाला होतो आणि आजही आपल्याकडच्या गुराढोरांत आढळतो. त्याचा जिवाणू डेव्हिड ब्रूस यांना माल्टा बेटावर सापडला तो १८८७ साली, म्हणजे बाई कोसळल्यावर तीस वर्षांनी. तोवर त्यांच्या दुखण्याला पुरावाच नव्हता. दीडशे वर्षांपूर्वीच्या रुग्णाचे निदान आज खात्रीने करता येत नाही, हे खरे. पण जे दिसत नाही ते नाहीच, असे म्हणण्याची घाई किती महागात पडते, एवढे तरी यातून कळते.

मला याहून महत्त्वाचे वाटले ते त्यांचे रोजचे जगणे. बाईंनी आपल्या शक्तीचा चोख हिशेब ठेवला. भेटायला येणाऱ्याने आधी वेळ ठरवून यायचे आणि एका वेळी एकानेच यायचे. बोलण्याने थकवा येतो म्हणून पुष्कळशी कामे चिठ्ठ्यांवर, बिछान्यात बसून, शिसपेन्सिलीने. त्यांचे शुश्रूषेवरचे प्रसिद्ध पुस्तक निघाले १८५९-६० च्या सुमारास, म्हणजे त्या स्वतः रुग्ण झाल्यावर. दाराबाहेरच्या कुजबुजीने आजाऱ्याला किती त्रास होतो, हे त्यात आहे. आणि भेटायला येऊन ‘तुम्ही लवकरच ठणठणीत व्हाल’ म्हणणाऱ्या व सल्ले देणाऱ्या मंडळींवर तर एक अख्खे प्रकरण आहे. ते वाचताना मला आमच्या घरी येऊन काढ्यांची नावे सांगून गेलेले सगळे पाहुणे आठवले.

त्या खोलीतूनच त्यांनी आपल्या देशाशीही संबंध जोडला. हिंदुस्थानातल्या गोऱ्या सैन्याच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी १८५९ साली आयोग नेमला गेला. प्रत्येक छावणीकडे प्रश्नावल्या पाठवल्या गेल्या आणि उत्तरांचे ढीग बाईंच्या बिछान्याशी येऊन पडले. १८६३ च्या अहवालात आले की हे सैनिक वर्षाला हजारी ६९ या प्रमाणात मरत होते, आणि त्याचे मोठे कारण होते घाण पाणी आणि तुंबलेली गटारे. दहा वर्षांनी हे प्रमाण १८ वर आल्याचे बाईंनी लिहिले. पुढे खेड्यांतल्या स्वच्छतेच्या प्रश्नावर पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार झाला. हिंदुस्थानात मात्र त्या कधीच आल्या नाहीत.

गंमत पाहा, बाई संख्याशास्त्रात निष्णात होत्या. १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सदस्य करून घेतले. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. लढाईतल्या जखमांपेक्षा रोगांनी कितीतरी अधिक सैनिक मेले, हे त्यांनी रंगीत आकृत्या काढून राज्यकर्त्यांच्या गळी उतरवले. मृतांची मोजदाद कशी करावी हे जगाला शिकवणारी ही बाई स्वतः ज्या अवस्थेत जगली, तिला मात्र कोणत्याही तक्त्यात जागा नव्हती.

त्यानंतर शंभर वर्षांनी तरी काही बदलले का? १९५५ च्या जुलैत लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात एक विचित्र साथ पसरली. आजारी पडले ते बहुतांशी रुग्ण नव्हेत, तर तिथले डॉक्टर, परिचारिका आणि इतर कर्मचारी. असे कर्मचारी एकूण २९२. रुग्णालय काही काळ बंद ठेवावे लागले. स्नायूंत वेदना, कमालीची थकावट, आणि थोडे बरे वाटते म्हणून काम केले की पुन्हा आजार उलटायचा. काहींना त्यातून कधीच पूर्ण बाहेर पडता आले नाही. १९७० साली दोन मनोविकारतज्ज्ञांनी जुने कागद चाळले, त्या रुग्णांना न तपासताच, आणि हा सामूहिक उन्माद असावा असा निष्कर्ष काढला. त्यांच्या पुराव्यांपैकी एक म्हणजे आजारी पडलेल्यांत बायका फार होत्या! हे वाचले तेव्हा मला आमच्या स्वयंपाकघरातले ते वाक्य ऐकू आले. इंग्रजीत आणि छापून आले, एवढाच काय तो फरक.

म्हणून २०२० साली जे घडले ते मला मोलाचे वाटते. या वेळी रुग्ण कुणाच्या निदानासाठी थांबले नाहीत. मे महिन्यात इटलीतल्या एलिसा पेरेगो या पुरातत्त्वज्ञ बाईंनी समाजमाध्यमावर स्वतःच्या दुखण्यासाठी ‘लाँग कोविड’ हे दोन शब्द वापरले. बघता बघता जगभरच्या लोकांनी ते उचलले. डॉक्टरांनी नव्हे, रुग्णांनी आजाराला नाव दिले. ऑक्टोबर २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची व्याख्या केली : संसर्गानंतर साधारण तीन महिन्यांनीही दिसणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कोणत्याही निदानाने उलगडा न होणारी लक्षणे. त्याच महिन्यात ब्रिटनमध्ये रॉयल फ्रीसारख्या थकव्याच्या आजारांसाठी नवी मार्गदर्शक तत्त्वे आली. अशा रुग्णांना ठरलेल्या पायऱ्यांनी व्यायाम वाढवायला लावण्याचा जुना उपचार त्यांतून वगळला गेला आणि आपल्या शक्तीच्या मर्यादेत राहून कामाची आखणी करण्यावर भर आला. म्हणजे नाइटिंगेलबाई जे करत होत्या तेच.

मला हे एका डॉक्टरीणबाईंनी समजावले. त्यांनी आधी रक्तातले लोह, साखर, थायरॉईड, छाती, हृदय सगळे तपासून घेतले; थकव्यामागे दुसरे काही दडलेले नाही ना, हे पाहायलाच हवे. मग म्हणाल्या, ‘‘बरं वाटतंय त्या दिवशी जास्त काम करू नका.’’ मला ते एकदम उमगले. आमच्या लहानपणी नळाला चार दिवसांनी पाणी यायचे. ज्या दिवशी हंडे भरलेले असत त्याच दिवशी अम्मा हात आखडता घ्यायची, कारण तिला पुढचे तीन दिवस दिसत असत. आता मी तशीच वागते. ओट्याजवळ उंच स्टूल ठेवले आहे. अंघोळ आणि बाजार एका दिवशी नाही. कवितेची वही उशाशी, कारण आलेला शब्द थांबत नाही. नमाज खुर्चीवर बसून पढते. सुरुवातीला लाज वाटली. मग आठवले, उभे राहवत नसेल तर बसून, बसवत नसेल तर पडून, ही सवलत आमच्या धर्मात पहिल्यापासून आहे. आजाऱ्याला रोज्याचीही सक्ती नाही. चौथ्या रकान्यातली माणसे त्या शास्त्रकारांना ठाऊक होती.

माझी तब्येत आज पुष्कळ सुधारली आहे. सगळ्यांची सुधारतेच असे नाही, आणि या आजारावर हमखास लागू पडेल असे औषध अजून नाही. शिवाय नाइटिंगेलबाईंकडे वडिलांचा पैसा होता, नोकरचाकर होते. दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी करणारीला किंवा उसाच्या फडात कोयता चालवणारीला ‘शक्ती जपून वापर’ असे सांगणे सोपे नाही. तिच्या खाड्याची मजुरी कापली जाते. तिच्यासाठी चौथा रकाना कागदावर यायला हवा : दवाखान्याच्या नोंदवहीत, रजेच्या नियमांत, हजेरीपटावर. जे मोजले जात नाही त्याच्यासाठी पैसा निघत नाही, हे नाइटिंगेलबाईंनीच दाखवून दिले आहे.

पण एक गोष्ट सरकारवाचूनही करता येते, आणि तिला खर्च नाही. घरातले कुणी दुखते म्हणाले, तर ते खरे मानणे. माझ्या घरी ते झाले. आठव्या महिन्यात एकदा सुनेने काही न बोलता जिन्याच्या पाचव्या पायरीवर उशी आणून ठेवली. त्या उशीवर बसले आणि खूप रडले.

अम्मा १९९८ साली गेली. तिची मनगटे खरोखर दुखत होती का, असे मी तिला कधी विचारले नाही. आता मला माहीत आहे. तिच्या कबरीवर फातेहा पढायला जाते, तेव्हा तिथल्या दगडावर बसूनच पढते, आणि त्या अंगणातल्या खेळाबद्दल तिची माफी मागते.