मरियेचे सोने

झेंडूस इंग्रजीत ‘मॅरिगोल्ड’ म्हणतात. हा शब्द फोडला की ‘मरियेचे सोने’ असा अर्थ निघतो आणि आपल्या मंडळींना आनंद होतो. परंतु हे नाव मुळात झेंडूचे नव्हेच.

इंग्लंडमध्ये ‘गोल्ड’ नावाचे एक पिवळे फूल होते. वनस्पतिशास्त्र ज्याला कॅलेंड्यूला म्हणते ते. चौदाव्या शतकाच्या अखेरीस त्या नावामागे ‘मेरी’ जोडलेले आढळते. ही मेरी म्हणजे बहुधा पवित्र मरियाच, असे कोशकार मानतात. नाण्यांऐवजी गरीब लोक ही फुले तिच्या चरणी वाहत, अशी गोड कथाही सांगतात; आम्ही तिला कथाच समजतो.

झेंडू मेक्सिकोचा. १५२१ साली स्पेनने ॲझ्टेक राज्य जिंकले, त्यानंतर तो युरोपात आला आणि रंगसाम्यामुळे त्यालाही तेच इंग्रजी नाव मिळाले. पुढे त्याच्या दोन जातींना ‘आफ्रिकन’ व ‘फ्रेंच’ ही विशेषणे लागली. मेक्सिकोचे नाव मात्र या दोन विशेषणांत नाही!

तेथील नाहुआ लोक त्याला ‘सेम्पोआलशोचित्ल’, म्हणजे ‘वीस-फूल’ म्हणत. वीस म्हणजे येथे पुष्कळ. त्याच्या दाट पाकळ्यांवरून हे नाव. स्पॅनिश जिभेवर त्याचे ‘सेम्पासुचिल’ झाले, पण ते पुसले गेले नाही. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, मेक्सिकोतील ख्रिस्ती कुटुंबे आपल्या दिवंगतांसाठी याच फुलाच्या पाकळ्यांची वाट घालतात, आणि त्याला त्या जुन्याच नावाने ओळखतात.

त्याच दिवशी आमच्याकडील थडग्यांवरही झेंडूच्या माळा असतात.