ओरखडा: घरी घासावा की पेंटरकडे न्यावा?

नव्या गाडीवर पहिला ओरखडा पडला की घरात दोन पंथ तयार होतात. एक म्हणतो, "कसला पेंटर नि कसलं काय, रबिंग कंपाउंडचा डबा आण आणि रविवारी घास." दुसरा म्हणतो, "अजिबात हात लावू नकोस, सरळ डिटेलरकडे दे." मग पैशांचा हिशोब निघतो, वेळेचा निघतो, आणि शेवटी ओरखडा तसाच राहतो. आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये अशा 'निर्णय प्रलंबित' गाड्यांची एक अख्खी रांग आहे.

मला वाटतं, यात पैशांचा हिशोब दुय्यम आहे. कुठलं काम मालकाने करावं आणि कुठलं कारागिराने, ही रेघ आधी अवजाराने ओढली, मग रसायनाने. गेल्या शंभर वर्षांत ती दोनदा सरकली. ती कुठून कुठे सरकली हे कळलं, की आपल्या ओरखड्याचं उत्तर बऱ्यापैकी आपोआप मिळतं.

सुरुवात गाडीपासूनच करू, पण बैलांच्या. वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यातलं धनज घ्या, किंवा वऱ्हाडातलं दुसरं कुठलंही गाव. माल वाहायची ती बंडी, माणसं न्यायची ती दमणी नाहीतर रेंगी. तिच्या कामांची वाटणी ठरलेली होती. लाकूड आणि चाक वाढयाचं, चाकावरची लोखंडी धाव तापवून बसवायचं काम लोहाराचं, आणि त्या बदल्यात सुगीला धान्य. वंगण मात्र मालकाने घालायचं. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायची तीही मालकानेच. वाटणीमागचं कारण साधं होतं. ज्या कामाला भाता आणि ऐरण लागते ते कारागिराचं, आणि ज्याला कुंचला पुरतो ते घरचं.

सुरुवातीच्या मोटारगाड्या या बाबतीत बंडीच्याच बहिणी होत्या. घोड्याच्या बग्गीला लावतात तसा तेलाचा रंग आणि व्हार्निश, तेही ब्रशने, थरावर थर. प्रत्येक थर वाळायचा, घासायचा, मग पुढचा. एक गाडी रंगवून व्हायला आठवडे लागत. फोर्डने १९१४ ते १९२५ या काळात मॉडेल टी फक्त काळ्या रंगात विकली. तो डांबरवर्गीय काळा रंग भट्टीत भाजून वाळवत. पण रंग उडाला तर ब्रश घेऊन घरी बसायची सोय होतीच. काम बेंगरूळ व्हायचं, एवढंच.

पहिली उलथापालथ केली ड्यू पाँटच्या 'ड्यूको'ने. हा नायट्रोसेल्युलोजचा लॅकर. १९२३ मध्ये जनरल मोटर्सने तो ओकलंड गाड्यांवर आणला आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. पण तो इतक्या लवकर वाळायचा की ब्रशचा दुसरा हात फिरवेपर्यंत पहिला चिकटून बसे. म्हणजे आता फवारणी आली, गन आली, कंप्रेसर आला. या गनची गोष्ट मजेशीर आहे. अमेरिकेत ओहायोमधल्या टोलेडो गावी डॉ. अ‍ॅलन डीव्हिलबिस नावाचे घशाचे डॉक्टर होते. रोग्याच्या घशात औषध फवारायला त्यांनी १८८० च्या दशकात एक यंत्र बनवलं. त्यांच्या मुलाने, थॉमसने, १९०७ च्या सुमारास त्याच कल्पनेवर रंगाची गन केली. घसा बरा करायचं यंत्र पुढे पेंटरच्या घशात काय घालणार होतं, ते पुढे येईलच.

'ड्यूको' आपल्याकडे इतका रुजला की कंपनीचं नाव बाजूला राहून तो एक सामान्य शब्दच झाला. फर्निचरवाले आजही 'ड्यूको फिनिश' म्हणतात. मुंबईत तोवर रंगाचा धंदा उभा राहत होता. १९२० मध्ये लोअर परळला 'गॅहॅगन पेंट्स अँड व्हार्निश' सुरू झाली (हीच पुढे गुडलास नेरोलॅक आणि २००६ पासून कन्साई नेरोलॅक). १९४२ मध्ये एशियन पेंट्स आली. १९४४ मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. या गाड्यांच्या मागोमाग गावोगावी 'डेंटिंग-पेंटिंग'च्या पाट्या लागल्या.

या पेंटरांचं भांडवल म्हणजे लॅकरचा एक गुण. लॅकर नुसता थिनर उडून वाळतो. त्यात रासायनिक बदल होत नाही, त्यामुळे वाळलेला रंग थिनर लागला की पुन्हा विरघळतो. नवा थर जुन्यात मुरून एकजीव होतो. आमच्या भाषेत सांगायचं तर लॅकर म्हणजे हाताशी असलेला सोर्स कोड: बिघडलं, उघडा, दुरुस्त करा, परत चालवा. एन.सी. पुट्टी भरा, वॉटर पेपर मारा, दोन हात फवारा, रबिंग करा. झाडाखालीही हे काम जमायचं. चकाकी मुळात घासूनच आणायची असल्याने मालकालाही दिवाळीला पॉलिश मारायची मुभा होती. गन पेंटरची, फडकं मालकाचं. रेघ पहिल्यांदा सरकली ती इथे.

दुसऱ्यांदा ती सरकली तेव्हा कुणाच्या फारसं लक्षातही आलं नाही. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, १९८६ मध्ये जपानच्या कन्साईने गुडलास नेरोलॅकमध्ये ३६ टक्के भांडवल घेतलं. जगभर याच सुमारास 'बेस कोट-क्लिअर कोट' पद्धत पसरत होती: खाली पातळ रंग, वर पारदर्शक थर. आजच्या गाडीच्या पत्र्यावर आधी विजेच्या साहाय्याने बसवलेला प्रायमर असतो, सुमारे २० मायक्रॉन. मग सरफेसर, मग रंगाचा थर, तो जेमतेम १५ मायक्रॉनचा, आणि सर्वांत वर ३५ ते ५० मायक्रॉनचा क्लिअर कोट. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून काय ते ओळखा. कारखान्यात हे सगळं १४० अंश आणि त्याहून जास्त तापमानाला भाजतात. तयार गाडीत टायर, वायर आणि प्लास्टिक आलेलं असतं, म्हणून दुरुस्तीत ६० अंशांच्या आसपासच थांबावं लागतं. मग उष्णतेचं काम हार्डनरवर सोपवतात. हा 'टू-के' रंग. यातला 'के' जर्मन भाषेतल्या घटक या अर्थाच्या शब्दाचा. दोन घटक मिसळले की त्यांची साखळी जुळते आणि ती परत सुटत नाही. कंपाइल झालेला प्रोग्राम. आता नवा थर जुन्यात विरघळत नाही, नुसता वर बसतो.

यातून ओरखड्याचा हिशोब निघतो. ओरखडा ओला करा. दिसेनासा झाला आणि नखही अडकत नसेल तर तो क्लिअर कोटमध्येच आहे. हा तुमचा. चांगलं कंपाउंड आणि मऊ फडकं घ्या, सावलीत आणि गार पत्र्यावर काम करा. फक्त लक्षात ठेवा की घासणं म्हणजे ओरखडा भरणं नव्हे, त्याच्या आजूबाजूचा थर उतरवणं आहे. हा थर ठरावीकच मिळालाय आणि ऊन तोच अडवतो. वऱ्हाडातल्या उन्हात तर तो जपून खर्च करावा.

नख अडकतंय आणि आत करडा प्रायमर किंवा चकाकता पत्रा दिसतोय, पण जागा ज्वारीच्या दाण्याएवढीच आहे? हाही तुमचाच. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धीचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, तो कारंजा तालुक्यातूनच जातो. अशा वेगवान रस्त्यावर खडी उडून बॉनेटला टवके पडतातच. गंज साफ करा, थेंबभर प्रायमर, वर टच-अप. डाग दिसेल, पण पावसाळ्यात गंज रंगाखाली पसरणार नाही. प्लास्टिकच्या बंपरला तर गंजच नाही, तिथे काही न करणं हाही सन्मान्य पर्याय आहे.

वीतभर खोल चरा मात्र कारागिराचाच. मेटॅलिक रंगात अ‍ॅल्युमिनियमचे कण कसे पडले यावर छटा ठरते, म्हणून बाजूच्या भागापर्यंत रंग विरवत न्यावा लागतो. ते फडक्याने होत नाही. (विमा वापरणार असाल तर आधी नो क्लेम बोनस मोजा, पहिल्या वर्षालाच तो २० टक्के असतो.)

आणि इथेच घशाची गोष्ट परत येते. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. भोपाळचा वायू याच कुळातला, रसायन वेगळं. फवारताना ते श्वासात गेले तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर बिथरलं की पुढे अगदी थोड्या प्रमाणानेही त्रास होतो. वासावरून धोका कळत नाही. ब्रिटनमध्ये कामामुळे होणाऱ्या दम्याच्या प्रमुख कारणांत हे येतं. तिथे पेंटरला बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क देणं अपेक्षित आहे. आपल्याकडे धनजच्या बाजूला काय किंवा पुण्यातल्या गल्लीत काय, तोंडाला दुपट्टा बांधून फवारणारा माणूस मी कित्येकदा पाहिलाय. त्याचा हात लॅकरच्या काळातला, तितकाच सफाईदार. डब्यातलं रसायन बदललं, पण ते त्याला कुणी सांगितलं नाही. दुपट्टा धूळ अडवतो, आयसोसायनेट नाही.

त्यामुळे हार्डनरवाला क्लिअर कोट घरी बाल्कनीत फवारायचा बेत सोडून द्या, मग तो कितीही स्वस्त पडो. आणि पेंटर निवडताना भाव विचाराल तसं हेही विचारा: बूथ आहे का? मास्क कुठला वापरता? दोन कोटेशनमधला फरक पुष्कळदा याच दोन गोष्टींचा असतो. स्वस्त पडलेल्या कामात उरलेले पैसे कुणीतरी श्वासाने भरत असतो.