माळ्यावरचे पितळी पातेले

आमच्या हुबळीच्या घरी माळ्यावर एक जड पितळी पातेले आहे. आजीच्या माहेराहून आलेले. घरातल्या तान्ह्या मुलांचे दूध त्यातच तापवायचे आणि त्यातच ठेवायचे, असा आजीचा दंडक होता. आत्याची दोन्ही बाळंतपणे याच घरी झाली. तिला दूध कमी, म्हणून मुलांना पहिल्या महिन्यापासूनच म्हशीचे दूध सुरू झाले. दोन्ही मुले दुसरा वाढदिवस पाहण्याआधीच गेली. पोट फुगले, बारीक ताप राहिला, शेवटी कावीळ झाली. ‘लिव्हर झाले’, एवढेच त्या वेळी सांगण्यात आले. सासरच्यांनी आत्याला ‘पांढऱ्या पायाची’ ठरवून कायमची माहेरी धाडली. पुढे कोणाच्या बारशाला ती गेल्याचे मला आठवत नाही. बोलावणेच येत नसे.

काही वर्षांपूर्वी, आता डॉक्टर असलेल्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याने या आजारावरील जुन्या शोधनिबंधांच्या प्रती मला आणून दिल्या. मी इतिहासाचा एम. ए.; वैद्यक मला बेताचेच कळते. पण कागद तारीखवार लावून वाचणे हे तर आमचे कामच. तसे वाचताना आमच्या घरचीच हकीकत समोर आली.

या रोगाची पहिली नोंद 1887 सालची, कलकत्त्याच्या सेन यांची. इंग्रजीत त्याचे नाव पुढे ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस’ असे रूढ झाले. साधारण सहा महिने ते पाच वर्षे वयाची मुले त्यात सापडत आणि बहुतेक दगावत. एकाच घरात भावंडांना तो होई, म्हणून कोणी रक्ताचा दोष म्हणे, कोणी दैवाचा. 1979 साली न्यूयॉर्कचे हान्स पॉपर आणि दिल्लीचे एन. सी. नायक प्रभृतींनी ‘लॅन्सेट’मध्ये या मुलांच्या यकृतपेशींत साठलेल्या तांब्याकडे लक्ष वेधले. आता प्रश्न उरला तो असा, की दुधावरच्या मुलाच्या पोटात तांबे येते कोठून?

उत्तर पुण्याहून आले. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित यांनी इंग्लंडच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह मुलांच्या आयांना साध्या गोष्टी विचारल्या: वरचे दूध कधी सुरू केले? कोणत्या भांड्यात तापवले? 1983 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा निबंध आला. लवकर सुरू केलेले वरचे दूध आणि त्यात भांड्यातून उतरलेले तांबे हे या रोगाचे संभाव्य कारण आहे, असे त्यात मांडले होते. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. कल्हई शाबूत असेल तर कथलाचा थर आड येतो. ती उडाली की तांबे दुधातल्या केसीन या प्रथिनाला चिकटते. तान्ह्या मुलाच्या यकृतात जन्मतःच तांब्याचा साठा असतो आणि जास्तीचे बाहेर टाकण्याची शक्ती अपुरी असते.

हे डॉक्टर तेथेच थांबले नाहीत. 1987 साली आजारी व निरोगी मुलांच्या आहाराची तुलना आणि पेनिसिलामाइन या तांबे काढणाऱ्या औषधाच्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. 1992 साली रोगाच्या प्रतिबंधावर निबंध आला. औषधाने वाचून पुढे वाढलेल्या मुलांची हकीकत 1996 साली छापून आली. त्याच वर्षी ऑस्ट्रियाच्या तिरोल भागातून साक्ष मिळाली: तिथेही तांब्याच्या भांड्यांतले दूध पिऊन 1900 ते 1974 या काळात 138 मुले अशाच रोगाने गेली होती. अशा भांड्यांतले दूध पिणारे प्रत्येक मूल आजारी पडत नसे, म्हणून काही आनुवंशिक दुबळेपणाही असावा, असे मानले जाते. परंतु स्वयंपाकघरात स्टील आले आणि रोग जवळजवळ दिसेनासा झाला.

आत्याची मुले याच रोगाने गेली, हे आज कोणी सिद्ध करू शकणार नाही. पण लक्षणे तीच, दूध तेच, पातेले तेच. कल्हईवाला गल्लीत आला की भाता, नवसागराचा धूर आणि चकाकणारे कथील पाहायला आम्ही मुले धावत असू. तो वर्षातून एकदा यायचा. पातेले मात्र रोज चुलीवर चढायचे, रोज राखेने घासले जायचे.

आत्या 1991 साली गेली. म्हणजे तो पहिला निबंध छापून झाल्यावर ती आठ वर्षे जगली. तो इंग्रजीत होता, दूरच्या देशातल्या नियतकालिकात होता. ‘तुझा दोष नव्हता’, हे तिला सांगायला आमच्या घरी कोणी नव्हते. आजीचाही दोष नव्हता. तिने नातवंडांसाठी घरातले सर्वांत चांगले भांडे काढले होते.

हल्ली तांब्या-पितळेची भांडी पुन्हा हौसेने घेतली जातात. जरूर घ्यावीत. पण आत कल्हई आहे का ते पाहावे, आणि तान्ह्या बाळाचे दूध त्यांत तापवू नये, साठवू नये. आमच्या शेजारच्या कन्नड सुनबाईंना बाळ झाले तेव्हा मी हेच सांगितले. त्या पितळेला ‘हित्ताळे’ म्हणतात, कल्हईला ‘कलाय’. शब्द दोन, पण भांडे एकच. त्यांना गोष्ट लगेच कळली.